अलीगढपासून सुरुवात करावी

समलिंगी प्रेमावरचे पाहण्याजोगे चित्रपट कोणते, असे विद्यार्थ्यांनी विचारले की आम्ही आधी 'अलीगढ' हे एकच नाव सांगतो. यादीच्या अपेक्षेने आलेल्याचे तेवढ्याने समाधान होत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा चित्रपट आधी पाहून यावे, बाकीच्यांविषयी मग बोलू, असा आमचा हट्ट असतो. हट्टाचे कारण सरळ आहे. या विषयावरच्या चित्रपटांत वकील आहेत, चित्रकार आहेत, गुराखी आहेत, राजकारणी आहेत. मराठीचा प्राध्यापक मात्र आमच्या पाहण्यात एकच आला. तो आपल्या व्यवसायातला माणूस आहे, आणि तो कल्पित नाही.

डॉ. रामचंद्र सिरस मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पाया खालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकासमवेत त्यांचे चित्रीकरण केले. लगोलग विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर आली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी त्यांच्या बाजूने आदेश दिला, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

हंसल मेहता यांचा चित्रपट २०१५ साली बुसानच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. पटकथा अपूर्व असरानी यांची, सिरसांच्या भूमिकेत मनोज बाजपेयी. हक्कांविषयीचा चित्रपट अशी त्याची ख्याती झाली आणि ती गैर नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले होते; सिरसांचा लढा उभा राहू शकला तो त्या निकालाच्या आधाराने. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला. म्हणजे २०१६ साली प्रेक्षक चित्रपटगृहात बसले होते तेव्हा पडद्यावरचा २०१० चा काळ त्यांच्या स्वतःच्या काळापेक्षा अधिक मोकळा होता! पुढे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने चित्र पुन्हा पालटले. काळाची ही उलटसुलट चाल ध्यानात ठेवून पाहिले तर न्यायालयातले प्रसंग निराळेच भासतात.

पण आम्ही हा चित्रपट सुचवतो तो न्यायालयासाठी नव्हे. त्यात एक प्रसंग आहे. सिरस रात्री घरी एकटे आहेत, हातात पेला आहे, लता मंगेशकरांचे जुने गाणे लागले आहे. ते गुणगुणतात, हात किंचित हलतो, डोळे मिटतात. कॅमेरा जागचा हलत नाही आणि कथानकही पुढे सरकत नाही. या माणसाला काय हवे होते, हे त्या काही मिनिटांत जितके कळते तितके कोणत्याही युक्तिवादातून कळणार नाही. दुसरा प्रसंग न्यायालयातलाच. दोन्ही बाजूंचे वकील नीतिमत्ता, खासगीपणा, कायदा यांवर तावातावाने बोलत आहेत, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो माणूस आपल्या कवितांचे इंग्रजी भाषांतर करीत बसला आहे. मधूनच त्याला डुलकीही लागते. आमच्या एका सहकाऱ्यांना हा प्रसंग सिरसांची चेष्टा करणारा वाटला. आम्हांला तो चित्रपटातला सर्वांत आदराचा प्रसंग वाटतो. ज्यांची भाषा त्याची नव्हे अशा लोकांनी आपल्याविषयी चालवलेल्या चर्चेतून तो आपल्या भाषेत निघून गेला आहे.

चित्रपटातले सिरस तरुण पत्रकाराला सांगतात की आपल्या भावनेला तीन इंग्रजी अक्षरांच्या शब्दात बसवता येणार नाही. कवितेचा अर्थ शब्दांपेक्षा शब्दांमधल्या विरामांत असतो, असेही त्यांचे म्हणणे. काव्यशास्त्राच्या तासाला आपण हेच सांगत आलो, परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्नही विचारत आलो. चित्रपटाचे वैशिष्ट्य हे की तो हे तत्त्व स्वतः पाळतो. त्यातल्या रिकाम्या जागा दिग्दर्शकाने संगीताने किंवा अश्रूंनी बुजवलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती चित्रपटातली नाही. 'अलीगढ'वर जे मराठी लेखन आमच्या वाचनात आले त्यात कायदा होता, विद्यापीठ होते, बाजपेयींचा अभिनय होता. कविता जवळपास नव्हतीच. पुरस्कारप्राप्त संग्रहाचा कवी आपल्याला बातमीतून कळावा, बातमीतला माणूस चित्रपटातून कळावा, आणि कवी म्हणून तो कळायचा राहूनच जावा, हे मराठीच्या अध्यापकांना शोभणारे नाही. असो.

या निमित्ताने आमची कसोटीही सांगून टाकतो. समलिंगी प्रेमावरच्या चित्रपटांत एक मोठा वर्ग प्रबोधनपटांचा आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांनी उपकारही पुष्कळ केले आहेत; पण ते प्रेक्षकाची समजूत घालण्यासाठी काढलेले असतात आणि त्यांतला प्रेक्षक हा नेहमी समजूत घालावी लागणारा, विषमलिंगी, जरा बिचकलेला गृहस्थ असतो. 'फिलाडेल्फिया' (१९९३) हे याचे ठळक उदाहरण. टॉम हँक्स यांनी त्यात एड्सग्रस्त वकील जीव ओतून उभा केला, त्यांना ऑस्करही मिळाले. पण त्या वकिलाचे आपल्या जोडीदारावर प्रेम आहे हे आपण जवळजवळ ऐकीव माहितीवर मानायचे. बदलतो तो त्याचा खटला चालवणारा दुसरा वकील, आणि त्याच्याबरोबर आपण. आपण चांगले झालो या समाधानात बाहेर पडतो. ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' (२००५) याच विषयाचा, पण अधिक शहाणा. एचआयव्हीची लागण झाल्यामुळे १९८९ साली गोव्यात ज्यांना सक्तीने वेगळे डांबले गेले त्या डॉमिनिक डिसोझा यांच्या आयुष्याचा त्याला आधार आहे. गोष्ट सांगतात ती निखिलची माणसे, थेट कॅमेऱ्याकडे पाहून: बहीण, आईवडील, जोडीदार. घरातली माणसे आठवणी सांगताना स्वतःला कशी सावरून घेतात, काय गाळतात, हे ऐकण्यासारखे आहे.

दीपा मेहतांच्या 'फायर'विषयी (१९९६) हमखास विचारले जाते. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले तेव्हा आम्ही विशी ओलांडत होतो किंवा ओलांडायची होती. त्या चित्रपटाने एक शब्द घराघरांत नेला. त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद. कलाकृती म्हणून तो आम्हांला फार हिशेबी वाटतो. नायिकांची नावे राधा आणि सीता, शेवटी अग्नी, म्हणजे प्रतीके आधी ठरली आणि माणसे नंतर आली. ज्यांना पटणार नाही त्यांनी तो इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'शेजारी ठेवून पाहावा. १९४२ ची ती कथा एका लहान मुलीच्या अर्धवट समजुतीतून सारे सांगते आणि एकही प्रतीक हाती देत नाही. देते ती फक्त रजईची हलती सावली.

मराठीत या विषयाला मोठी परंपरा नाही, पण जी आहे ती दखलपात्र आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, आणि तिची गोष्ट सांगणारा बापू हा पुरुष. त्या काळात हे लिहिणे धाडसाचे होते यात शंका नाही. पण मित्राकडे आपण सतत बापूच्या डोळ्यांनी पाहतो, कधी कणवेने, कधी धास्तीने. पुढच्याच वर्षी आलेल्या 'उंबरठा'ची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यातल्या महिलाश्रमात दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग येतो तो संस्थेपुढच्या अनेक प्रश्नांपैकी एक म्हणून. अमोल पालेकर दिग्दर्शित 'थांग' (२००६) नवऱ्याचे पुरुषावरचे प्रेम उघड झाल्यावर पत्नीच्या वाट्याला काय येते ते सांगतो. तिन्ही कृती सहृदय आहेत, तिन्हींत पाहणारा बाहेर उभा आहे.

हा बाहेर उभा असलेला माणूस सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत नाहीसा झाला. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात भाडेकरू येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. पहिला भाग तनयचा, निघून गेलेल्याला उद्देशून. दुसरा अनुजाचा, रोजनिशीचा. तेच घर, तीच खोली, तोच माणूस, आणि दोन वेगळ्या भाषा. जेरी पिंटो यांनी २०१३ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर चित्रपट आला. चित्रपटात पुणे जाऊन कोची आले, मराठी जाऊन हिंदी-इंग्रजी आली. याविषयी आमच्यात एकमत नाही. एक बाजू म्हणते की पाणी, निळाई आणि जुनी घरे यांनी चित्रपटाला दृश्यभाषा मिळाली, आणि रूपांतराने मूळ कृतीशी एवढी फारकत घेतलीच पाहिजे. दुसरी बाजू म्हणते की पुण्यातल्या त्या घरात शेजारी, जेवणाच्या वेळा आणि न बोलता खोलीबाहेर थांबणारी आई हे सारे मिळून जो दाब तयार होतो तो समुद्राच्या सान्निध्यात विरघळून जातो. रूपांतराच्या अभ्यासासाठी यापेक्षा चांगली जोडी मराठीच्या विद्यार्थ्याला मिळणे कठीण. चित्रपटात तनयचे साहित्याचे प्राध्यापक आहेत; त्या एकाकी गृहस्थांकडे आमच्या पेशातल्यांनी थोडे अधिक लक्ष द्यावे.

आणि मग रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाला मिळाले आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. पारितोषिकाचा गाजावाजा बाजूला ठेवूनच तो पाहावा. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर आईसह गावी येतो. दहा दिवसांचे सुतक. पायांत काही घालायचे नाही, हे करायचे नाही, ते करायचे नाही. आणि नातेवाइकांचे एकच टुमणे, लग्न कधी करतोस? गावात त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. तो शेती करतो, त्याच्याही घरी लग्नाचा तगादा आहे.

प्रबोधनपटाच्या सवयीचा प्रेक्षक इथे स्फोटाची वाट पाहत बसतो. आईला कळेल, रडारड होईल, गाव पेटेल. आईला आधीपासून ठाऊक आहे, वडिलांनाही ठाऊक होते. मुलाला अशिक्षित आईवडिलांनी समजून घेतलेले असते, आणि ही गोष्ट चित्रपट इतक्या साधेपणाने सांगतो की शहरातल्या सुशिक्षित प्रेक्षकाची थोडी पंचाईतच होते. (खेड्यातली माणसे मागास असलीच पाहिजेत, हा आपला लाडका समज.) उरतो तो शोक आणि त्याच्या आतून उगवणारी ओढ. दृश्ये लांब आहेत, कॅमेरा स्थिर आहे, पार्श्वसंगीत नाही. शेळ्या, वारा, बायकांचे दबलेले बोलणे ऐकू येते. काटे काढून हातावर ठेवलेले निवडुंगाचे लाल फळ हे प्रतीक आहे असे म्हणता येईल, पण त्याआधी ते फळ आहे आणि ते कोणी तरी कोणाला तरी खायला दिले आहे. 'फायर'मधल्या अग्नीपेक्षा आम्हांला ते मोलाचे वाटते. शेवट इथे सांगत नाही.

महाराष्ट्राबाहेरचा एक चित्रपट याच्या जोडीने पाहावा: जिओ बेबी यांचा मल्याळम 'काथल – द कोअर' (२०२३). मामूटींसारखा अभिनेता वयाच्या सत्तरीनंतर ही भूमिका करतो आणि चित्रपटाची निर्मितीही करतो, याचे कौतुक पुरेसे झाले आहे. आम्हांला महत्त्वाची वाटते ती ओमना, ज्योतिका यांनी केलेली पत्नी. पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभ्या राहिलेल्या नवऱ्यापासून ती घटस्फोट मागते आणि कारण स्पष्ट सांगते. त्यानंतरही दोघे एकाच घरात राहतात, एकत्र चर्चला जातात. तिला सूड नको आहे. दोघांचेही आयुष्य खोटेपणात गेले ते आता पुरे, एवढेच तिला हवे आहे. 'थांग'मधल्या पत्नीशी तिची तुलना करणारा निबंध कोणी लिहिला तर आम्ही आनंदाने वाचू.

परदेशी चित्रपट अगणित आहेत, त्यांतले साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष उपयोगी पडतील असे तीन-चारच सांगतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ती छापली गेली १९७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. प्रेमिकांना सुखाचा शेवट द्यायचाच, असा त्यांचा निर्धार होता आणि त्या काळच्या इंग्लंडात तोच मोठा गुन्हा ठरला असता. (हेच फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खासगी सचिव होते, हे मराठी वाचकाने विसरू नये.) जेम्स आयव्हरी यांचा १९८७ चा चित्रपट जरा गुळगुळीत आहे, पण कादंबरीशी ताडून पाहण्याजोगा.

'ब्रोकबॅक माउंटन'ला (२००५) आधार आहे ॲनी प्रू यांच्या १९९७ च्या कथेचा. आंग ली यांनी ती पडद्यावर आणताना दोन सदऱ्यांचे काय केले ते नीट पाहावे. जॅकच्या खोलीत एनिसला दोघांचे जुने सदरे एकात एक अडकवलेले सापडतात. जॅकचा बाहेर, एनिसचा आत. शेवटी एनिसच्या घरात तेच सदरे टांगलेले दिसतात तेव्हा क्रम उलटा झालेला असतो. कोणी काही बोलत नाही. वस्तूच्या मांडणीतून भावनेचे सूचन कसे होते हे शिकवायला ध्वनिसिद्धान्ताच्या तासाला आम्ही हे उदाहरण देतो, आणि संस्कृत विभागातल्या स्नेह्यांची अद्याप तक्रार आलेली नाही. वाँग कार-वाय यांच्या 'हॅपी टुगेदर'मध्ये (१९९७) हाँगकाँगचे दोन प्रेमिक अर्जेंटिनात भांडत, तुटत, पुन्हा जुळत राहतात. त्यात एक तरुण मित्र आपल्या ध्वनिमुद्रकात यांतल्या एकाचे दुःख भरून घेतो आणि पृथ्वीच्या टोकाच्या दीपगृहापाशी नेऊन लावतो. ऐकू येते ते नुसते हुंदक्यांसारखे काही तरी. सेलीन सियामा यांच्या 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर'मध्ये (२०१९) चित्रकार, तिच्यासमोर बसणारी तरुणी आणि घरातली मोलकरीण अशा तिघी ऑर्फियसची कथा मोठ्याने वाचतात आणि त्याने मागे वळून का पाहिले यावर वाद घालतात. वाचनाचा इतका जिवंत तास आम्ही पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही. वर्गात तर नाहीच.

आता आक्षेपाविषयी. अशा चित्रपटांचा मराठीच्या अभ्यासक्रमाशी संबंध काय, असे प्राध्यापक-कक्षात विचारले जाते. एका विद्यार्थ्याने 'कोबाल्ट ब्लू'वर प्रबंधिका लिहिण्याचे मनात धरले होते. मार्गदर्शकांनी त्याला विषय बदलायला सांगितले. कारण दिले ते असे की उद्या नोकरीच्या मुलाखतीत लोक तुझ्याविषयी भलतेच तर्क करतील. मार्गदर्शक दुष्ट नव्हते, त्यांना विद्यार्थ्याची काळजीच होती. विद्यार्थ्याने ग्रामीण कथेवर प्रबंधिका लिहिली, गुण चांगले मिळाले. दलित साहित्यावर, स्त्रीवादी साहित्यावर लिहिणाऱ्यांनाही एके काळी असेच सल्ले मिळत. तेव्हा आपल्या विभागांनी वाद घातले, भांडणे केली, पाठ्यक्रम बदलले. इथे भांडणही होत नाही. सल्ला दिला जातो, ऐकला जातो, आणि फाइल बंद होते. आमच्या वर्गात साठ मुले बसतात. त्यांतल्या काहींनी आपल्यासारख्या माणसाला आजवर केवळ विनोदी कार्यक्रमांत हातवारे करताना पाहिलेले असते, आणि शेजारी बसलेल्यांबरोबर हसावेही लागलेले असते. त्यांना पडद्यावर सिरस किंवा आनंद दिसावा, आणि तो आपल्या शिक्षकांनी दाखवलेला असावा, हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे असे आम्हांला वाटत नाही.

कायद्याची भीती दाखवण्याचे दिवस २०१८ नंतर सरले आहेत. विवाहाच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्यता दिली नाही, हे खरे. पण त्याचा वर्गात चित्रपट दाखवण्याशी संबंध नाही. 'अलीगढ'ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे, आणि एम.ए.चे विद्यार्थी प्रौढ असतात.

दोन तासांचा चित्रपट वेळापत्रकात बसत नाही अशी अडचण ज्यांना सांगायची आहे, त्यांच्यासाठी कानवडे यांचाच २०१९ चा 'यू उषाचा' हा लघुपट आहे. शेतमजुरी करणारी, एकटीने मुले वाढवणारी निरक्षर उषा गावातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेकडे ओढली जाते, आणि त्या ओढीतून तिला अक्षर शिकावेसे वाटू लागते. तो एका तासिकेत पाहून होतो आणि चर्चेलाही थोडा वेळ उरतो.